यादीतला नंबर

१२ ऑगस्ट २००६
फर्स्ट शिफ्ट. सुटल्यावर सुधाकर आणि मी सातपूरच्या नेट कॅफेत. रक्तदात्यांचं पान आम्ही दोघांनी सुरू केलं, आता अनोळखी माणसंही आपणहून नावं टाकतात. सुधाकरचं म्हणणं कायम तेच: कुणीही नाव टाकावं, कुणीही नंबर बघून थेट फोन करावा, मध्ये आपण नको. पटतं.
रविवारच्या शिबिराचे फॉर्म माझ्याकडे होते. त्यातली नावं मीच चढवली. दिंडोरीच्या जाधव मॅडम, प्राथ. शिक्षिका, बी निगेटिव्ह. मिळत नाही असा गट, म्हणून सगळ्यात वर. कुणाला विचारलं नाही. चांगल्या कामाला काय विचारायचं.

६ सप्टें.
जाधव मॅडमचे मिस्टर कंपनीच्या गेटवर आले होते. आठवडाभर बाईंना घाणेरडे फोन येताहेत. वर्गावर असतानासुद्धा. नंबर आमच्या पानावरून उचललेला. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच विचारलं, "नंबर कुणी टाकला?"
मी म्हणालो, "पान सगळ्यांना खुलं आहे. कुणीही टाकू शकतं."
ते निघून गेले. वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त...

७ सप्टें.
सगळे नंबर झाकले. आता ज्याला रक्त हवं त्यानं पानावर निरोप टाकायचा, दात्याला फोन मी करणार. सुधाकरला करून झाल्यावर सांगितलं. चिडला. सगळं एका माणसावर अडून राहील म्हणाला. फॉर्मचं त्यालाही सांगितलं नाही.

२६ ऑक्टो.
भाऊबीजेला दोन दिवस येवल्याला, ताईकडे. आज पान उघडलं. परवा दुपारचा निरोप: वणीकडची बाई, पहिलं बाळंतपण, रक्तस्राव थांबत नाही, बी निगेटिव्ह तातडीनं. खाली नवऱ्याचं नाव, शांताराम. त्याच गावाहून संध्याकाळी आणखी दोन निरोप, तेच शब्द.
शांतारामला फोन लावला. बाई जगली. शांतारामचा मेव्हणा सातपूरलाच कामाला आहे, तो विचारत विचारत काल सकाळी सुधाकरच्या घरी पोचला. सुधाकरकडे जुन्या यादीचा छापील कागद होता. त्यानं जाधव मॅडमना फोन केला. त्या पहिल्या एस.टी.नं आल्या.
पण तोवर गर्भपिशवी काढावी लागली होती.

२७ ऑक्टो.
दवाखान्यात गेलो. मुलगी झाली आहे, बरी आहे. रक्त आदल्या दिवशी मिळतं तर पिशवी वाचली असती का, डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही. शांतारामनं हात जोडले. "तुमची यादी व्हती म्हणून वाचली." मी मान हलवली. हलवली मी.
जाधव मॅडम बाईला बघायला आल्या होत्या. जिन्यात गाठलं त्यांना. नंबर मीच टाकला होता, तुमच्या मिस्टरांशी खोटं बोललो, असं एका दमात सांगून टाकलं.
त्या म्हणाल्या, "विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं."
घरी आल्यावर जेवण गेलं नाही. सौ.ला पित्त झालंय म्हणालो. आणखी एक खोटं.

५ नोव्हें.
सुधाकरला सगळं सांगितलं. रागावला नाही, ते जड गेलं. ठरलं: ज्याचा नंबर त्याला विचारायचं. हो म्हणेल त्याचा उघडा, नाही म्हणेल त्याचा झाकलेला. निरोप बघायला पाच जण. पानावर काय घडलं तेही लिहिलं, माझ्या नावानिशी. दोघातिघांनी आपली नावं काढून घेतली.

१८ नोव्हें.
निम्मी यादी विचारून झाली. जाधव मॅडमना मुद्दाम शेवटी ठेवत होतो. आज फोन लावला. मिस्टरांनी उचलला. मी नाव सांगितलं, काय विचारायचंय ते सांगितलं, गेटवर खोटं बोललो होतो तेही.
"ती शाळेत आहे," म्हणाले. मग, "विचारून सांगतो."
संध्याकाळ झाली. अजून फोन नाही.