आजारी पोपट

प्रिय ठमे,

तू पोटापाण्यासाठी लोकांच्या मुलाखती घेतेस, हे मी आजवर चारचौघांत कौतुकाने सांगत आले. यापुढे जरा आवाज खाली ठेवून सांगेन, कारण नुकतीच मी टेबलाच्या पलीकडे बसून आले आहे. दचकू नकोस. कॉलेजातला संस्कृत विभाग बंद झाला हे तुला ठाऊकच आहे. विभागात उरलेली मी एकटीच, त्यामुळे निरोपाचं भाषणही मी केलं आणि टाळ्याही मीच वाजवल्या. मग एका रंगाच्या कंपनीची जाहिरात दिसली: भिंतींच्या नव्या छटांना नावं ठेवायला माणूस हवा. म्हटलं, नावं ठेवण्याचा अनुभव तर लग्न झाल्यापासूनचा आहे.

आधी फोनवर तुझ्याच वयाच्या एका मुलीने माझ्या बलस्थानांची चौकशी केली. मग संगणकावर एक चाचणी झाली, मी स्वभावाने वर्तुळ आहे की त्रिकोण ते ठरवायला. मग गटचर्चा. तिथल्या तरुणांच्या गलबल्यात मी एवढंच म्हणाले की, अरे, एकेकाने बोला. कंपनीने त्याला नेतृत्वगुण मानलं. लेखी परीक्षेत राखाडी रंगाचे तुकडे आले. एकाचं मी मोठ्या विद्वत्तेने 'भस्म' असं बारसं केलं, तर परीक्षक मुलगा नम्रपणे म्हणाला, मॅडम, हे बेडरूमला कोण लावणार हो? खरं होतं त्याचं. घरी येऊन शब्दकोश कपाटात ठेवला. आणि प्रत्येक फेरीनंतर तेच: 'आम्ही कळवू.' हे वाक्य तुम्ही मंडळी कुठल्या गुरुकुलात पाठ करता गं? ढगाकडे बघणाऱ्या चातकासारखी मी मोबाइलकडे बघत बसायची. शेजारच्या वहिनींना तर वाटलं, मी या वयात प्रेमात पडले. तशी थोडी अफवा मीही चालू दिली.

शेवटची फेरी त्यांच्या मुख्य कचेरीत होती, म्हणजे तुझ्या शहरात. हो, मी येऊन गेले. रागावण्याआधी पुढचं वाच. डोक्यावर चष्मा चढवलेल्या मुख्य बाईंनी एक तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, फार विचार न करता नाव लिहा. ठमे, तो तुझ्या खोलीचा रंग होता. दहावीत माझ्याशी अबोला धरून तू लावून घेतलास, तोच पिवळट हिरवा. बाबा म्हणाले होते, भिंतीला कावीळ झालीय. मी त्याला 'आजारी पोपट' म्हणायची. हाताने तेच लिहिलं. बाई इतक्या हसल्या की चष्मा टेबलावर पडला. मग डोळे पुसत म्हणाल्या, पण असला रंग घेईल कोण? मी म्हटलं, एका मुलीने घेतला होता. ती शिकायला गेली ती तिकडचीच झाली, पुढे तिचे बाबाही गेले. बाकी घराला नवा रंग दिला, पण त्या खोलीपाशी आला की रंगाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवते. यावर कुणी हसलं नाही. मुलाखतीत एवढं बोलायचं नसतं, असं तूच नेहमी सांगत असतेस.

नोकरी मिळाली, तीही त्याच कचेरीत, तुझ्या शहरात. पोपट मात्र तब्येत सुधारून, वेगळ्या नावाने बाजारात येईल.

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून तुझ्या गल्लीतून एक चक्कर मारली. गॅलरीत तुझा निळा टॉवेल एकाच चिमट्यावर लोंबकळत होता. वर आले नाही. दर फोनला तू म्हणतेस, आई, इकडेच ये ना. पण जेवलीस का विचारावं तसं म्हणतेस, कारण मी नाहीच म्हणणार हे तुला माहीत असतं. आता मी हो म्हणू शकते. फोनवर सांगितलं असतं, तर तुला त्याच दमात 'ये' म्हणावं लागलं असतं. पत्राला थांबून उत्तर देता येतं, म्हणून हे पत्र. मी तुझ्या घरात राहणार नाही. दोन गल्ल्या सोडून जागा बघेन, येण्याआधी विचारेन, आणि टॉवेलाबद्दल बोलणार नाही, निदान पहिल्या भेटीत. तरी आई एकाच गावात असणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे, माझीही होती. कंपनीला अजून होकार दिलेला नाही. एका फेरीचा निकाल यायचाय, असं सांगितलं आहे. सावकाश ठरव, आणि खरं असेल तेच लिही. फक्त 'आम्ही कळवू' तेवढं लिहू नकोस.

तुझीच,
आई