चादरीखालची पाटी

अष्टमी, रोहा
९ मार्च १९९६

प्रिय जमाल,

सलाम आणि खूप दुआ. मस्कतहून ईदला पाठवलेला फोटो पोचला. तुझा फैजल हुबेहूब अब्बांसारखा दिसतो, नाक सोडून. नाक तुझ्या सासरचं, त्याला इलाज नाही.

इथली बातमी एकच, आपल्या मकबऱ्याची. पेणची नमिता म्हणून एक मुलगी जुन्या इमारतींचा अभ्यास करते, ती तीन दिवस मोजमापं घ्यायला येत होती. काळ्या दगडाचा चौथरा, चुन्याचा घुमट, खिडक्यांच्या दगडी जाळ्या, सगळं तिने कागदावर उतरवलं. सोबतीला आपला काळुराम गवंडी. घरच्या बायकांना आत मनाई, पण तिला कुणी अडवलं नाही. तिच्या हातात टेप होती. मी नेहमीसारखी जाळीबाहेर.

मधली मोठी कबर मोजायला तिने चादर उचलली आणि थबकली. कबरीवर दगडी कलमदान असलं तर पुरुष, सपाट पाटी असली तर बाई, ही जुनी रीत तिनेच मला सांगितली. सरदार पणजोबांची म्हणून जिच्यावर आपण पिढ्यानपिढ्या फुलं घातली, तिच्यावर पाटी आहे. कलमदान शेजारच्या लहान कबरीवर. काळुराम म्हणाला, "आपा, सरदार तं कडेला निजलेत. मधी कोन बाय हाय." मला हसू आवरेना. इतके पुरुष आत जाऊन आले, चादरीखाली कुणी पाहिलं नाही. आणि ती चादर दरवर्षी मीच शिवते.

ती कोण, हे कुठे लिहिलेलं नाही. हल्ली झाडायला गेले की जाळीतून तिच्याशी बोलते. घरात बोलायला दुसरं कोण आहे? अम्मी गेल्यापासून दुपारी एकच भाकरी थापते. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आत एका कबरीपुरती जागा उरली आहे, तुझ्यासाठी राखलेली. आम्हा बायकांची जागा बाहेर चिंचेखाली. तीस वर्षं बाहेरून झाडलं, शेवटी तरी आत जावंसं वाटतं. जमातीच्या मंडळींना पाटीचं सांगितलं, तर म्हणाले, जमालने जागा लिहून दिली तर आमची ना नाही. तेव्हा दोन ओळी लिहून पाठव. मी आजारी नाही, घाबरू नकोस. पण खरं सांगते, तू लिहून दिलंस तर तू परत येणार नाहीस हे मला कळेल. म्हणून हे पत्र पेटीत टाकताना मी दुआ करणार आहे, की तू नाही म्हणावंस.

तुझीच, जाळीबाहेरची,
ताजुन्निसा आपा