तांदळाच्या डब्यातलं पत्र

प्रसाद,

स्वराला घेऊन इथेच रिग्गईला माझ्या मैत्रिणीकडे, आनंदीकडे जाते आहे. शाळेच्या बसवाल्याला कळवलंय. आमटी फ्रीजमध्ये आहे, भात तेवढा लाव. तांदळाचा डबा कुठे असतो ते तुला आता माहीत आहे.

मंगळवारी मी ताईला मेल केली की, वकिलांचं पत्र मी त्या डब्यात लपवलंय. असं पत्रच नाही. बुधवारी सकाळी तुझ्या घड्याळाच्या पट्ट्यात तांदळाला चोळलेली बोरिक पावडर होती. सहा वर्षांत तू त्या डब्याचं झाकण उघडलं नव्हतंस.

मग मी तुझी निळी फाइल उघडली. ताईला लिहिलेल्या माझ्या सगळ्या मेलचे प्रिंट, तुझ्या पुण्याच्या वकिलांसाठी पिवळ्या खुणा करून. आई गेली तेव्हा मी काय लिहिलं, त्यावरही खूण? मी खचलेली आहे म्हणून स्वरा तुझ्याकडे ठेवणार?

विचारायचं होतंस ना रे, समोरच तर बसलेली असायचे.

पळाले नाही. पासपोर्ट तुझ्या कपाटात आहेत, कुवेतबाहेर जाणार कुठे?

ही चिठ्ठीही फाइलला लाव. एवढ्या कागदांत तू वाचावंस म्हणून मी लिहिलेला हा एकच आहे.

मुक्ता