दुसऱ्याच फुलांची वरमाळा

मंगळवार, १५ जुलै
शनिवारी इथे लिहिलं : वैशालीताईंच्या वरमाळेची फ्रेम पूर्ण, एकही बुडबुडा नाही. चूक. फ्रेम पूर्ण आहे, आतली वरमाळा त्यांची नाही.

आज कडा घासताना दिसलं. फुलं पांढऱ्या दोऱ्यात ओवलेली. त्यांच्या आईने लग्नात हार केळीच्या सोपाच्या, खोडाच्या सालीच्या, धाग्यात गुंफला होता. वैशालीताई साजगावहून तो घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "आई आता नाही गं. फुलं काळी पडली तरी चालतील, तिच्या गाठी दिसू देत." मीच वहीत टिपलं होतं. साच्यात फुलं आत्याने मांडली, वरून काचेसारखं घट्ट होणारं रेझिन मी ओतलं. ओतताना मी बघत होते फक्त वजनकाटा.

बुधवार, १६
आत्याला विचारलं. नाही म्हणालीच नाही.

"पिशवीत र्‍हायला नि बुरशी आली. या पावसात काय कोरडं र्‍हातंय? खोपोलीच्या बाजारातनं फुलं आणली नि ओवली."

"त्यांना सांगितलंस?"

"सांगून रडवू तिला? भिंतीवर टांगंल, खूश हुईल. आजवर कुनी वळखलं नाय. तूच आलीस मोठी दोरा बघनारी!"

आणि हसली.

हे काम मला तिनेच शिकवलं, दहावीच्या सुट्टीत. दोन भाग रेझिन, ते घट्ट करणारं हार्डनर एक भाग, काट्यावर, अंदाजाने नाही. प्रमाण चुकलं तर चिकटच राहतं. एकदा हार्डनर जरा जास्त पडलं तर अख्खा कप फेकायला लावला होता.

"आजवर" म्हणजे किती जणी? आमच्या ताईच्या लग्नाची फ्रेम... तेही विचारलं. चहा उतू जातोय म्हणून आत गेली.

प्रत्येक फ्रेमच्या मागे चिठ्ठी असते, "आपल्याच फुलांची आठवण". अक्षर माझं.

शुक्रवार, १८
परसातल्या कचऱ्याच्या खड्ड्यात मूळ हार शोधला. फुलं गेली. सोपाचा वीतभर तुकडा मिळाला, चार गाठी शाबूत. धुतला नाही, गाठी सुटतील. ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या डब्यात सुकायला ठेवलाय, आत्याला दिसणार नाही असा. लपवाछपवी मलाही जमते तर.

रविवार, २०
वैशालीताईंचा फोन. पुढच्या रविवारी आईचं वर्षश्राद्ध, त्याआधी फ्रेम हवी. आत्याने उचलला. "तयार हाय गं बाय, शनवारी ने. तुज्या आईच्या हातचा हार, लई जीव लावून केलाय आमच्या पोरीनं."

पोरीनं! मी समोर उभी होते. 

सांगितलं तर आत्याचं काम बुडेल. बाबांची एकुलती बहीण, ते काय म्हणतील माहीत आहे. न सांगता शनिवारी फ्रेम त्यांच्या हातात द्यायची, त्या डोळे पुसतील, आणि मी...

नाही. वैशालीताईंच्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी असते. सकाळच्या मिनीडोर रिक्षाने साजगाव, गाठींचा तुकडा घेऊन, सगळं सांगायला. आत्याला आधी सांगायचं की नंतर, ते अजून ठरत नाही. दिवस ठरला. शुक्रवार, २५ जुलै.