सहावी 'ब'च्या प्रांजली मॅडम

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
गुरुवार, २७ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे शामलाचा, वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. थंडी पडायला लागली, माधवरावांचा गुडघा होता तसाच आहे, आणि तुझी मुलगी अंगाने खुशाल आहे. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे हे विचारायची ही वेळ नव्हे, कारण सोमवारी फोनवर ते मला इथपर्यंत ऐकू येत होतं. तरी रीत म्हणून विचारते. वहिनींची दाढ काढली की राहू दिली ते कळव. आज तुला 'तुम्ही' म्हणून लिहायचं मी ठरवलं होतं (रागावलेल्या माणसाला मान दिला की तो जरा नरमतो असं आमच्याकडे म्हणतात, म्हणजे माधवराव म्हणतात, आणि त्यांना माझ्याबरोबर राहून अनुभव दांडगा आहे), पण पहिल्याच वाक्याला हात अडखळला. फोनऐवजी पत्र अशासाठी, की फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. भोपाळपर्यंत स्पीड पोस्ट दोन दिवसांत जातं असं खिडकीवरच्या माणसाने शपथेवर सांगितलं आहे.

आमच्या शेजारच्या लीलाताईंनी तुला जे कळवलं, की तुमची प्रांजली शाळेत नकली टीचर बनून पकडली गेली, त्यातलं 'तुमची प्रांजली' एवढंच खरं आहे. बाकीचं मी सांगते. सगळं वाच आणि मगच ठरव, की सात तारखेला येऊन मुलीला माझ्या घरून, बारावीच्या मधूनच उचलून इंदूरच्या इंजिनिअरिंगच्या क्लासमध्ये नेऊन टाकायचं की नाही. माफीची वाट बघत असशील तर ती या पत्रात नाही. पान उलटून शोधू नकोस.

सप्टेंबरात आमच्या शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांसाठी करिअर मेळा भरला. आमचे प्रिन्सिपल जयसिंहराव (घराणं फौजेतलं, त्यामुळे शाळेतसुद्धा ते नेहमी कुठल्यातरी मोहिमेवर असतात) यांनी अंगणात टेबलं मांडली. डॉक्टरचं टेबल, इंजिनिअरचं टेबल, फौजेचं, बँकेचं, स्पर्धा परीक्षांचं. एकाने तर मोबाईलवर व्हिडिओ करून पोट भरण्याचं टेबल लावलं होतं आणि तिथे चेंगराचेंगरी होती. मी यादी बघून विचारलं, शिक्षकाचं टेबल कुठे आहे? जयसिंहराव अगदी मनापासून म्हणाले, "मैडम, उसके लिए तो हम लोग हैं ही." दादा, एकोणतीस वर्षं मी गणित शिकवते आहे. आम्ही 'आहोतच', म्हणून आमच्यानंतर कुणी लागणार नाही, हे गणित मला सुटेना. मी स्टाफरूममधलं टेबल स्वतः ओढत आणलं आणि मांडलं. जागा मिळाली ती पाण्याच्या कूलरशेजारी, म्हणजे गर्दी माझ्याकडेही झाली, फक्त ती पाणी पिऊन जात होती.

दोन तासांत माझ्या टेबलाशी तिघं थांबली. एकाला दप्तर ठेवायला जागा हवी होती. एकीला इंजिनिअरच्या टेबलाची रांग कुठून सुरू होते ते विचारायचं होतं. तिसरी बारावीतली गरिमा, हुशार आणि मनाने फार चांगली मुलगी. ती बराच वेळ घुटमळली, मग जवळ येऊन हळूच, आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाली, "मैडम, आपका सिलेक्शन और कहीं नहीं हुआ था क्या?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला माझी खरोखर दया आली होती, आणि तेच मला लागलं. मी त्या रात्री जेवले नाही (लीलाताईंनी तुला हेही कळवलं असेल; आमच्या घरी उरलेली भाजी त्यांना भिंतीपलीकडून दिसते).

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेनंतरची दहा मिनिटं मी मागून घेतली आणि एकेका वर्गात जाऊन उभी राहिले. समाजसेवा, राष्ट्रनिर्माण असलं काही बोलले नाही. ते पाच सप्टेंबरला हार घालताना बोलतात आणि सहा सप्टेंबरला विसरतात. मी म्हटलं, बाबांनो, या कामात रोज एखाद्या तरी माणसाला तुमच्यासमोर एक गोष्ट पहिल्यांदा कळते, आणि ती कळताना त्याचा चेहरा कसा होतो ते फक्त तुम्हाला दिसतं. डॉक्टरला माणसं रडताना दिसतात, बँकवाल्याला चिडलेली दिसतात (तुला लागू आहे, दादा), आम्हाला कळताना दिसतात. मला एकोणतीस वर्षांत याचा कंटाळा आला नाही. विश्वास नसेल तर शिक्षक व्हायचं की नाही ते मागाहून ठरवा, आधी एक तास घेऊन बघा. सतरा मुलांनी नावं दिली. त्यात गरिमा होती, एनसीसीचा समरजीत होता, आणि तुझी मुलगी होती.

आता आमच्या अरेंजमेंट रजिस्टरबद्दल सांगावं लागेल. शिक्षक रजेवर गेला की त्याच्या तासाला कोण बसणार ते ज्या वहीत लिहितात ते हे रजिस्टर, आणि ते माझ्या ताब्यात असतं. अरेंजमेंटच्या तासाला शिकवायचं नसतं. नुसतं बसायचं, मुलांना मान खाली घालायला लावायची आणि घंटेची वाट बघायची, असा सगळ्या शाळेचा अलिखित नियम आहे. त्यात आली सहालग. ग्वाल्हेरात लग्नसराईत काय होतं ते तुला आठवत असेल. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी स्टाफच्या ग्रुपवर आठ शिक्षकांना एकाच तासाभरात अचानक ताप आला. (सोमवारी ते सगळे बरे होऊन, हातात लाडूंचे डबे घेऊन परतले. दोघींची मेंदी अजून गेलेली नाही.) एकोणीसपैकी आठ गेल्यावर शनिवारी वर्गांवर पाठवायचं कुणाला? मी सतरातली आठ मुलं निवडली. शनिवारी आमच्याकडे गणवेश नसतो, तेव्हा मुलींना साडी नेसून यायला सांगितलं, कारण सहावीची मुलं कुर्तीला जुमानत नाहीत. प्रांजलीला माझी निळी सुती दिली. आणि सकाळी घाईत रजिस्टर भरताना 'शिक्षक का नाम' या रकान्यात मी लिहून गेले, गरिमा मैडम, समरजीत सर, प्रांजली मैडम. त्या रकान्यात आजवर कुणाचं नाव मी सर किंवा मैडम न लावता लिहिलेलं नाही. हात वळणाने चालत गेला. चूक म्हणायची तर एवढी एकच माझी.

त्याच सकाळी साडेनऊला, काही न कळवता, शाळेच्या मान्यतेची तपासणी करणारी मंडळी फाटकात उभी राहिली. तिघंजण, मुख्य दौलतसिंह नावाचे, गंभीर गृहस्थ. जयसिंहरावांनी त्यांना चहा, समोसे, स्वागतगीत अशा तीन ठिकाणी अडवून पाहिलं, पण ते थेट वर्गांकडे निघाले आणि सहावी 'ब'मध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले. मी दारात होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रांजली अपूर्णांक शिकवत होती. एका मुलीचं म्हणणं होतं की एक-तृतीयांश हा अर्ध्यापेक्षा मोठा, कारण तीन हे दोनपेक्षा मोठे. प्रांजलीने फळ्यावर दोनदा समजावलं. मुलगी हटेना. मग प्रांजलीने खडू ठेवला आणि तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. म्हणाली, तिळाच्या गजकची एक पट्टी आहे, दोघांत वाटायची की तिघांत, तुला कशी हवी? पोरगी म्हणाली, तिघांत. का गं? तर म्हणाली, "दीदी, घर में हम तीन हैं. दो में बाँटेंगे तो एक को नहीं मिलेगा." एकोणतीस वर्षांचा अनुभव असून मी इथे पुन्हा फळ्याकडे गेले असते. प्रांजलीने विचारलं, "ठीक है, तीन में ही बाँटो. अब तेरा टुकड़ा बड़ा हुआ कि छोटा?" त्या मुलीने बोटांनी हवेत पट्टी तोडली आणि म्हणाली, "छोटा. पर मिला सबको." दादा, तो चेहरा. मी ज्याच्याबद्दल दहा-दहा मिनिटं बडबडत फिरले होते तो चेहरा तुझ्या मुलीसमोर झाला, आणि त्याच वेळी तुझ्या मुलीचाही तसाच झाला. मी दाराआड जाऊन डोळे पुसले. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

दौलतसिंहांनी ऑफिसात येऊन स्वतःच्या हाताने शेरा लिहिला, की कक्षा सहा 'ब' में गणित का शिक्षण अति उत्तम. मग नवीन मॅडमची फाइल मागितली, नेमणूकपत्र, बी.एड.चं प्रमाणपत्र. रजिस्टरात नाव होतंच, तेव्हा जयसिंहराव बिचारे अर्धा तास कपाटात प्रांजली मॅडमची फाइल शोधत राहिले. शेवटी तिलाच बोलावलं. बी.एड. कुठून केलं असं विचारल्यावर तिने मान वर करून सांगितलं, "सर, अभी तो बारहवीं का प्री-बोर्ड देना है." पकडली गेली म्हणतात ती ही. ती पळाली नाही, रडली नाही, माझ्यावर ढकललं नाही. दौलतसिंहांनी लिहिलेला शेरा खोडायला पेन उचललं, बराच वेळ तसंच धरलं, आणि खाली ठेवलं. शेरा कायम आहे. त्याच्याच खाली गंभीर अनियमितता म्हणून दुसरा शेरा आहे. दोन्हींखाली सही त्यांचीच.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. जयसिंहरावांनी माफीचा मजकूर टाइप करून दिला, फक्त सही करायची होती. मी केली नाही. माझं उत्तर मी हाताने लिहून दिलं, की रजिस्टरात 'मैडम' लिहिलं ही चूक मान्य; मुलांना वर्गावर पाठवलं याचा खेद नाही, पुन्हा आठ जणांना ताप आला तर पुन्हा पाठवीन. तू म्हणालास, हुशार मुलीने मास्तरकी करायची तर मग एवढं शिकायचं कशाला. तुला हा प्रश्न पडावा, यासाठी तुला कुणीतरी वाचायला शिकवलं आहे. मुलगी इंजिनिअर झाली तर मला आनंदच आहे, पण तुझ्या भीतीने होणार असेल तर मी आडवी येईन, आणि मी आडवी आले की काय होतं ते तुला लहानपणापासून माहीत आहे. वहिनींना नमस्कार.

तुझी,
शामला

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. बारावीनंतरच्या चार वर्षांच्या बी.एड.च्या प्रवेशपरीक्षेचा. प्रांजलीने भरला आहे, खाली पालकाची सही हवी. निळ्या शाईने, चौकटीच्या आत.

आणखी एक. आई किंवा वडील, कुणाचीही एक सही चालते असं मागे बारीक अक्षरात छापलं आहे. वहिनींशी माझं बोलणं झालं आहे. तरी पहिल्यांदा तुलाच पाठवते आहे, कारण मुलीचं तसं म्हणणं आहे.

शेवटचं. हे लिहायचं नव्हतं, पण तू येशील तेव्हा ती सांगेलच. दिवाळीत पाडव्याला तिने शिक्षक व्हायचं म्हणून मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी नाही म्हटलं होतं. एकदा नाही, तीनदा. तुझे गुण चांगले आहेत, दुसरं काहीतरी बघ, असं म्हटलं. सहावी 'ब'सुद्धा मी तिला मुद्दाम दिली. तो वर्ग भल्याभल्यांना पळवून लावतो, एका तासात हिचं वेड उतरेल असं मला वाटलं होतं. पाडव्याच्या दिवशी ती मला म्हणाली, "आत्या, शाळेत तू जे सांगतेस ना, वो सिर्फ दूसरों के बच्चों के लिए है क्या?" तेव्हा सात तारखेला खुशाल ये आणि तिला नाही म्हण. पण याचं उत्तर घेऊन ये. मला महिना झाला, अजून सुचलेलं नाही.