अक्रोडी चौकट

त्र्यावना, बल्गेरिया, ४ फेब्रुवारी

चि. मिरेनास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा खोकला थांबला का? मार्चअखेर माझ्या डोब्रीला हे जग सोडून वर्ष होईल. रिवाजाप्रमाणे त्याच्या फोटोचा, काळ्या चौकटीचा वर्षाचा नवा कागद फाटकावर लावीनच, पण निम्मं गाव जर्मनीत. फाटक वाचायला येणार कोण? म्हणून तसंच पान इंटरनेटवर करायचं आहे. तू करून देऊ नकोस. त्याचे कपडेही मीच आवरले.

पण संगणकाची भाषा कुठली शिकू? ग्रंथालयातलं पुस्तक पायथन म्हणतं, संगणक दुरुस्त करणारा म्हणतो जावा. वर विचारतो, या वयात कशाला, आजीबाई? म्हटलं, वय माझं मी बघते, तू तारा जोड. दमले गं. एकच काय ते सांग.

दमलेल्या मावशीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

नेवेनामावशी

प्लोव्दिव, ११ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आईचा खोकला गेला, कुरकुर राहिली.

पायथन चांगली, पण या कामाला ती नको. जावा तर नकोच. आधी एचटीएमएल शीक: शीर्षक कुठलं, मजकूर कुठला, फोटो कुठे, एवढंच ती सांगते. मग सीएसएस: रंग, अक्षरं, चौकट. पान हलतं-बोलतं करायला जावास्क्रिप्ट; जावाशी तिचं नातं नावापुरतं. ती नंतर. डोब्रीकाका तरी कुठे फार हलायचे-बोलायचे?

मेलवर नमुना पाठवला आहे. अक्षरांना अक्रोडी रंग दिलाय. चौकटीच्या रंगाची ओळ तू लिही.

माझ्यावर रागाव, पण लिहीत राहा.

मिरेना

त्र्यावना, २ मार्च

चि. मिरेनास आशीर्वाद.

पान उघडलं. हातात पटाशी घेतलेला डोब्री दिसला.

चौकट मात्र काळी होत नाही. काळी लिहिलं तरी अक्षरांसारखीच अक्रोडी येते. चष्मा पुसून ओळ अक्षर-अक्षर वाचली, सगळं बरोबर. ओळ मेलवर पाठवते. दिवस जवळ आला, आणि मला एक चौकट जमेना.

कंटाळू नकोस मला.

मावशी

प्लोव्दिव, ८ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

चूक सापडली. border-color मधला c तू इंग्रजीऐवजी आपल्या बल्गेरियन कळफलकावरचा 'स' टाकलास. दिसायला दोघे जुळे, पण यंत्र फसत नाही. त्याला शब्द कळला नाही, म्हणून ओळ सोडली आणि चौकटीला अक्षरांचाच रंग दिला. नव्या नोकरीत मीही असाच सबंध दिवस घालवला होता. साहेब हसून लाल झाले. कळफलक इंग्रजी करून तेवढं अक्षर बदल.

तुझ्या मायेची हक्कदार,

मिरेना

त्र्यावना, ३० मार्च

चि. मिरेनास आशीर्वाद.

अक्षर बदललं. चौकट लगेच काळी झाली, फाटकावरच्या कागदासारखी. तो कागद मी वर्षभर येता-जाता बघते आहे.

डोब्रीनं जन्मभर लोकांच्या फोटोंना अक्रोडाच्या चौकटी कोरून दिल्या. स्वतःचा फोटो कधी भिंतीवर लावू दिला नाही. म्हणायचा, या तोंडाला लाकूड कशाला वाया घालवू?

मी कळफलक फिरवला आणि आपला 'स' परत टाकला. चौकट पुन्हा अक्रोडी झाली.

जर्मनीहून त्याच्या भावानं विचारलं, वहिनी, काळी चौकट कुठे आहे? त्याला कळवलं, एक अक्षर चुकलंय, राहू दे. वर्षाच्या दिवशी त्याच्या नावानं वाटायचे गहू उकडायला ठेवलेत. तू येशील तेव्हा जावास्क्रिप्टचं बघू.

आईला विचारलं म्हणून सांग, आणि मला विसरू नकोस.

नेवेनामावशी