एका घरातून एक

प्रिय ताई,

"हा आपल्या दोघींचा हं, तू एकटीने मिरवायचं नाही," असं तू म्हणाली होतीस. माझा थोरला जन्मला त्या दिवशी, दवाखान्यात, माझ्या उशाशी बसून. तुझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तुला अजून मूल नव्हतं. तो असा काही टाहो फोडत होता की तूच त्याला भोंगा म्हणालीस, कारखान्याचा भोंगा, आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटलं. शेजारच्या खाटांवरच्या बायका तुझ्या साडीकडे आणि माझ्या विटक्या चादरीकडे आळीपाळीने बघत होत्या. मालकीणबाईंनी शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पोराला आपलं म्हटलं, म्हणून त्यांना कौतुक वाटत असणार. मला त्यात मालकीण दिसलीच नाही, माझी बहीण तेवढी दिसली. त्या वाक्यावर मी पुढे कितीतरी वर्षं जगले. तू त्याचं काय करशील हे तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी बाळंतिणीच्या खाटेवरून उठून तुला दाराबाहेर काढलं असतं.

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद खराब होतो.

भाऊजींनी तुला मागणी घातली तेव्हा आपण दोघी एकाच अंथरुणात झोपत होतो. तू त्या घरात गेलीस आणि मागाहून मी त्यांच्याच कारखान्यात मशीनवर बसले, त्यांच्याच गोदामातल्या हमालाशी लग्न केलं. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खरंच नाही. तू वरच्या मजल्यावर, मी खाली, मध्ये एक लोखंडी जिना. तो जिना मी बहिणीचा समजून चढायचे आणि तूही चढू द्यायचीस. भोंगा शाळेच्या वयाचा झाला तेव्हा तूच म्हणालीस की त्याचा पत्ता आमचा लावू, म्हणजे आमच्या भागातली चांगली शाळा मिळेल. आठवडाभर इथे राहील, सुट्टीला तुझ्याकडे. मी हुरळून गेले. त्याला मीच शिकवलं, तिला मोठी आई म्हण. शाळेतल्या मास्तरांना तो तुमच्याच घरचा वाटायचा, आणि वाटू दे, त्यात त्याचं भलंच आहे, असं मी ह्यांना सांगायचे. हे गप्प बसायचे. हे नेहमीच गप्प बसतात, आणि दर वेळी मला वाटतं की ह्यांना काही कळत नाही.

तुमच्याकडे तो कुठे झोपायचा, ताई? स्वयंपाकघरामागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली गादी घालून. जेवायचा तुमची पानं उठल्यावर, स्वयंपाकीणबाईंबरोबर. मग तुला मुलगा झाला आणि तो शाळेत जायला लागल्यावर त्याचं दप्तर माझ्या मुलाच्या दुसऱ्या खांद्यावर आलं. पाहुणे आले की पाण्याचे पेले फिरवायला भोंगा. एकदा तुमच्याकडे कोणी बाईने विचारलं, हा कोण गं, तर तू म्हणालीस, बहिणीचा आहे, राहतो इथे, कामाला बरा आहे. मी तेव्हा दारात होते. तूही मला पाहिलंस आणि चटकन दुसराच विषय काढलास. मी मनात म्हटलं, असतं एखादं वाक्य तोंडातून जायचं.

त्याला मात्र तुमच्याविषयी काहीच वाटायचं नाही, म्हणजे वाईट काही. शाळा सुटल्यावर कारखान्यातच लागला आणि कटिंगच्या टेबलावर असा रमला की आम्ही शिवणाऱ्या बायका त्याने कापलेला गठ्ठा कोणाच्या वाट्याला येतो यावरून भांडायचो. लढाई सुरू झाली, गणवेशांचं काम आलं आणि सरकारने सांगितलं की अशा कारखान्यातली अडणारी माणसं, म्हणजे ज्यांच्यावाचून काम अडतं ती, सैन्यात नेणार नाही. कटिंगवाला अडणारा, हमाल नाही. मी त्या दिवशी घरी येऊन मनसोक्त झोपले. पुढच्याच आठवड्यात भाऊजींनी भोंग्याला बोलावून सांगितलं की थोडे दिवस माल चढवायला जा, टेबलावर छोटे मालक उभे राहतील. तुझ्या मुलाला आम्ही सगळ्याजणी छोटे मालकच म्हणतो, तुला ठाऊक नसेल, ते काही प्रेमाने म्हणत नाही. थोडे दिवस सरायच्या आत माल चढवणाऱ्या तरुणांना सैन्याचं बोलावणं आलं. मी चिडले तर भोंगाच मला समजवायला लागला. "आई, छोटा तिकडे जाऊन काय करेल? त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नाही." हसला आणि गेला. तेव्हाही तुझ्या पोराचं दप्तर त्याच्याच खांद्यावर होतं म्हण.

पुढची गंमत तुझ्या लक्षात असेलच. तपासणीला साहेब आले, अडणारी माणसं खरोखरच अडतात का ते बघायला. छोट्या मालकांनी त्यांच्यासमोर कापड कापलं, मोठा थर, अगदी ऐटीत. बाहीचा पुठ्ठा एकदा सुलटा ठेवून कापायचा, मग पालटून, म्हणजे एक उजवी होते आणि एक डावी. हा पालटलाच नाही. सगळा ढीग डाव्या बाह्यांचा. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, चला, शत्रू घाबरेल, आपलं अख्खं सैन्य डावखुरं. बायका हसून हसून मशीनवर डोकी टेकून बसल्या. आणि तू जिना उतरून खाली आलीस, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मी उठले आणि साहेबांना सांगितलं की पुठ्ठे आम्ही बायकांनीच चुकीचे मांडले होते, मुलाचा दोष नाही. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, निदान एकाला तरी वाचवलं. माझाच भाचा तो.

भोंगा गेल्याची खबर आली तेव्हा तू माझ्या घरी जमिनीवर बसून रडलीस. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणता आलं असतं तर पुढचं सोपं गेलं असतं. मग त्याचा फोटो वरच्या ऑफिसात लागला, मोठी चौकट करून, आणि भाऊजी आल्या-गेल्याला सांगायला लागले की आमच्या घरातला मुलगा गेला. गणवेश घ्यायला येणारे अधिकारी त्या फोटोसमोर टोपी काढून उभे राहायचे आणि पुढचं काम देऊन जायचे. खाली, मशीनवर, जिच्या घरचं कोणी गेलं नाही किंवा एका पायाने परत आलं नाही, अशी बाई मला तरी माहीत नाही. त्यांची कोणाची चौकट वर लागली नाही. तिथे जागा एकाच फोटोपुरती होती आणि ती माझ्या मुलाने भरून काढली. मला वाटलं, दुःख आहे त्यांनाही, बोलू दे.

मग नियम बदलला. माणसं पुरेनात म्हणून कारखान्यांची सूट काढली, आणि सूट राहिली ती एवढीच, की ज्या घरातून एक गेला त्या घरातल्या दुसऱ्याला नेणार नाहीत. ते ऐकून मी काय केलं, सांगू? मी हात जोडले, थोरल्याच्या फोटोला, आणि म्हटलं, बाबा, तू तुझ्या धाकट्या भावाला सोडवलंस. मेलेल्या मुलाचे आभार मानण्याची वेळ तुझ्यावर येऊ नये. येणारही नाही म्हणा.

आठ दिवसांपूर्वी धाकट्याला बोलावणं आलं. काहीतरी चूक झाली असं समजून मी भरती कचेरीत गेले. तिथला माणूस चांगला होता, त्याने मला खुर्ची दिली. "बाई, तो गेलेला मुलगा दुसऱ्या घरच्या नावावर धरलाय," म्हणाला. "त्या घरच्या बाईंनी स्वतः येऊन सांगितलं, त्यांनीच वाढवलेला, त्यांचाच. एका मरणावर एकच घर सुटतं." मी त्याला म्हटलं, मी त्याची आई. तो म्हणाला, असाल, पण शाळेचे मुख्याध्यापकही आले होते, घरची स्वयंपाकीणही आली होती. तिने मान वर केली नसेल हे मला न विचारताही कळलं. इस्त्रीच्या टेबलाबद्दल तिला कोणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. तिलाही दोन मुलगे आहेत.

भाऊजींनी काल ह्यांच्याकडे निरोप पाठवला की धाकट्याला ओळखीने आघाडीच्या मागे कुठेतरी, भटारखान्यात वगैरे घालू, आणि तुम्हा दोघांची कामं कायमची पक्की. हे गप्प बसले. पण आज सकाळी गोदामात गेले नाहीत, पाय धुवून दारात बसून राहिले, आणि मला एवढंच म्हणाले की जिवंत होता तेव्हा त्याची जागा घेतली, आता मरणपण घेतलं, आपल्याकडे काय ठेवलं? लग्न झाल्यापासून त्यांचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

तुझ्या मुलावर माझा राग नाही असं इथे लिहायचं ठरवलं होतं. आहे. तो शहाणा आहे, लहान नाही, त्याला माहीत आहे आपण कोणाच्या नावावर घरात बसलो आहोत. काल मी तुमच्या फाटकाशी उभी होते. रखवालदाराने वर सोडलं नाही, तसं सांगून ठेवलंय म्हणे. वरच्या खिडकीत तो उभा होता. मला बघून पडदा ओढला. धाकट्यापेक्षा उंच झालाय, तब्येतही चांगली आहे.

म्हणून हे पत्र, ताई. सोमवारी कचेरीत धाकट्याचा निकाल आहे. माझं सांगणं तिथे कोणी धरत नाही, मुख्याध्यापकांनी शब्द फिरवला तर तोही धरणार नाहीत; ज्या बाईने सांगितलं तिनेच मागे घेतलं तर धाकटा सुटतो, असं मला त्या खुर्ची देणाऱ्या माणसाने सांगितलं. तुझा मुलगा मग जाईल, हे मला कळतं. मी तुला तेच करायला सांगते आहे, गोड शब्दांत गुंडाळत नाही. त्याच्यासाठी मी एकदा साहेबांसमोर खोटं बोलले. तू एकदा खरं बोल. सोमवारी ये. माझ्याबरोबर चालत यायला नको, गाडीतून ये, मी माझी येईन. आत जाऊन एवढंच म्हण, की तो माझा नव्हता, तिचा होता. तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी ये.

तुझीच, अजून तसं लिहिते आहे,
धाकटी